माहीत आहे, पण आठवत नाही

जळगावात आमच्या विभागाला लोक ‘मण्यांची खोली’ म्हणायचे. दारावर ‘व्यवसायोपचार विभाग’ अशी पाटी होती, पण तिने घोटाळाच जास्त व्हायचा. एकदा एक गृहस्थ आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि आपल्या किराणा दुकानाचं बस्तान कसं बसत नाही ते सांगू लागले. पाटीवर व्यवसाय आहे, उपचारही आहे. त्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. डॉक्टर माणसाला आजारातून वाचवतात. वाचलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावं, शर्ट घालता यावा, चहा करता यावा, जमलं तर शेतात-दुकानात परत जाता यावं, हे आम्ही बघतो. म्हणून आमच्या खोलीत मणी होते, माती होती, कुलपं-किल्ल्या होत्या, स्टोव्ह होता, पोळपाट-लाटणं होतं. ‘दवाखान्यात आणून पोळ्या लाटायला लावता होय?’ असं एका सासऱ्यांनी मला चांगलं फैलावर घेऊन विचारलं होतं. मी मूळची धुळ्याची. शिक्षण बाहेर झालं, लग्न होऊन जळगावात आले. ऐंशीच्या दशकात तिथल्या एका खासगी रुग्णालयात मेंदूचे डॉक्टर आले आणि त्यांच्या मागोमाग मीही लागले. अर्धांगवायू झालेले, डोक्याला मार लागलेले, मेंदूज्वरातून उठलेले, असे पेशंट फैजपूर-रावेरपासून थेट शिंदखेड्यापर्यंतचे यायचे.

‘याची आठवण गेली’ असं आपण सहज म्हणतो, जणू आठवण म्हणजे एक माठ आणि तो फुटला. तसं नसतं. पुस्तकात जड जड नावं आहेत. मी नातेवाइकांना माझ्या भाषेत सांगायची. एक असते झालेल्याची आठवण. काल कोण आलं, आपल्या लग्नात ऊन होतं की आभाळ, ते. दुसरी कळलेल्याची. साखर गोड असते, कात्रीने कापतात, आईचा भाऊ तो मामा. हे कधी कळलं ते सांगता येत नाही, पण माहीत असतं. आणि तिसरी हाताला वळलेल्याची. सायकल चालवणं, भाकरी थापणं. ती तोंडाने सांगता येत नाही, करूनच दाखवावी लागते. या तिघी मेंदूत वेगवेगळ्या घरांत राहतात. एकीचं घर पडलं तरी दुसरीचं उभं राहू शकतं.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे यायचे. निरोपसमारंभात कोण काय बोललं ते त्यांना तोंडपाठ होतं. बटण म्हणजे काय, तेही माहीत होतं. पण शर्ट घालून उभे राहिले की बोटं बटणाभोवती नुसती फिरायची, आत घालायची कशी ते हातांना समजायचंच नाही. ‘ताई, ही बोटं माझी नाहीत,’ म्हणायचे.

नरडाण्याजवळच्या एका गावातले आबा त्यांच्या अगदी उलट. उंच, पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी. हात शाबूत, बटणं लावून झाली की मिशीही पिळायचे. पण वस्तूंचे अर्थ एकेक करून त्यांच्यातून निघून चालले होते. पहिल्यांदा मुलाला वाटलं, म्हातारे नावं विसरतात. मग एक दिवस ते कात्री उलटसुलट करून बघायला लागले. मी त्यांना कात्री दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘हाई काल बी दखाडं व्हतं तुम्ही. खिडकीजोडे बठेल व्हतात. पन हाई शे काय, ताई?’

मी काल कात्री दाखवली, कुठे बसून दाखवली, सगळं या माणसाला आठवत होतं. फक्त कात्री म्हणजे काय, ते नव्हतं.

या दोघांना पाहूनही या तिन्हीमधला फरक मला डोक्यानेच कळलेला होता. त्याच्यावर कुणाचा संसार टिकू शकतो किंवा मोडू शकतो, हे मी पाहिलं ते सुमनच्या बाबतीत.

सुमन फैजपूरच्या जवळच्या एका खेड्यातली. घरची केळीची बाग, खाऊन-पिऊन सुखी घर. नवरा वासुदेव, सासू, आणि पाचेक वर्षांची मुलगी छाया. सासूला सगळा गाव अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. सुमनला दुसरं बाळंतपण होऊन दीड-दोन महिने झाले होते, मुलगा झाला होता, आणि तिला मेंदूज्वर झाला. ती वाचेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती वाचली. चालू लागली, बोलू लागली, केस विंचरू लागली. घरच्यांनी डॉक्टरांना पेढे दिले. आणि मग अक्काने बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

सुमनने बाळाकडे पाहिलं. हसली. म्हणाली, ‘गोड हाये व माय. कोनाचं लेकरू?’

तिला तो आठवत नव्हता. तो पोटात असतानाचे दिवस आठवत नव्हते, बाळंतपण आठवत नव्हतं. आजाराच्या आधीची एक-दोन वर्षं पुसून गेली होती आणि नवीन काही टिकत नव्हतं. छाया तिच्या मते अजून तीन वर्षांची होती; खरी छाया समोर आली की ‘किती उंच झाली वो ही,’ म्हणून दर वेळी चकित व्हायची. आपण सांगितलेलं थोड्या वेळाने जायचं. सकाळी ‘हा तुझा मुलगा, मोहन,’ सांगितलं की ती हादरायची, रडायची, पोटावर हात फिरवून बघायची. जेवणानंतर पुन्हा विचारायची, ‘कोनाचं लेकरू?’

मला डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा ती घरी जाऊन पुन्हा दवाखान्यात आली होती. घरी एक प्रकार झाला होता. सुमनचं अंगावरचं दूध आजारात आटलं, त्यामुळे मोहनला गायीचं दूध पाणी घालून पाजायचे. एक दिवस अक्काने पाजलं, मग सुमनला तो भुकेला वाटला म्हणून तिने चमच्याने पाजलं, आणि पाजल्याचं विसरून पुन्हा पाजलं. मुलाला ठसका लागला, ओकारी झाली, तो काळानिळा पडला. वाचला, पण अक्काने त्या दिवसापासून त्याला सुमनजवळ देणं बंद केलं. वासुदेवच्या थोरल्या चुलत्यांनी घरात विषय काढला, की पोरीला माहेरी पोचवावं आणि वासुदेवचं दुसरं काही बघावं. दोन लेकरांना आई नको का?

वासुदेव एकटाच माझ्याकडे आला. अंगाने दांडगा, पण दारातच घुटमळत उभा होता. मी बसा म्हटलं तेव्हा बसला आणि एकदम म्हणाला, ‘ताई, मले खरं सांगा. तिले कधी आठवीन का?’

मी म्हटलं, ‘मोहनचा जन्म? नाही आठवणार.’

मग मी म्हटलं, ‘पण तो तिचा आहे हे तिला कळू शकेल. वेळ लागेल.’

‘आठवनार नही, पन कळीन. म्हंजे काय?’

मी विचारलं, ‘देशाची राजधानी कोणती?’

‘दिल्ली.’

‘हे तुम्हाला कोणी सांगितलं? केव्हा? कुठल्या वर्गात?’

तो विचार करू लागला. ‘ते काय आठवत नही.’

‘पण दिल्ली आहे यात काही शंका?’

‘नही.’

‘तसंच. तिला मोहन माहीत होईल, आठवणार नाही. मन लावून, न थकता सांगत राहिलं तर.’

‘होईलच?’

‘ते मी सांगू शकत नाही,’ मी म्हटलं. खरंच सांगू शकत नव्हते. पुस्तकात असं होऊ शकतं इतकंच होतं. फैजपूरच्या बाजूच्या खेड्यातल्या बाईचं काय होईल ते कुठल्या पुस्तकात असणार?

वासुदेव उठला. ‘काकांना मी सांगतो, थांबा म्हणून,’ म्हणाला. त्याचं हे एवढं वाक्य. पण त्या घरात काकांना थांबा म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती, हे मला पुढे कळलं.

सुमन, अक्का आणि बाळ जळगावात नात्यातल्या एका घरी राहिले आणि रोज आमच्याकडे येऊ लागले. सुमन रोज मला पहिल्यांदाच भेटायची. ‘तुम्ही कोन? डॉक्टरीन का?’ मी रोज नाव सांगायची. पण हळूहळू एक गंमत माझ्या लक्षात आली. नाव तिला माहीत नसायचं, पण दारातून आत येताना ती आता बिचकत नव्हती. सरळ माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसायची. याच्या उलटही होतं. तापात असताना ज्या डॉक्टरांनी तिच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं होतं, ते व्हरांड्यातून गेले तरी ती भिंतीला सरकायची. का, विचारलं तर म्हणायची, ‘काय माहीत. बरा मानूस असंन. पन मले नही बरं वाटत.’ काय घडलं ते पुसलं गेलं होतं. त्याची भीती राहिली होती.

म्हणजे माया का राहू नये? एकदा ती माझ्यासमोर मणी ओवत होती आणि बाहेर व्हरांड्यात अक्काच्या मांडीवर मोहन रडायला लागला. सुमनच्या हातातून दोरा सुटला, मणी घरंगळले, ती उभी राहिली. मी विचारलं, ‘काय झालं?’

ती गोंधळली. ‘काय माहीत. उठावं वाटलं.’

मी खाली बसून मणी गोळा करू लागले.

पहिली अडचण अक्काची होती. अक्का वाईट नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेली माणसं परीक्षा घेतात. बाळ समोर धरून ती सुमनला विचारायची, ‘सांग, कोन हाये हा?’ सुमन अंदाज करायची. ‘शेजारचा?’ ‘नही! नीट पाह्य.’ ‘नणंदबाईंचा?’ मग अक्का कपाळावर हात मारायची. माझ्या लक्षात आलं, सुमनला बरोबर उत्तर टिकत नव्हतं, पण स्वतः केलेली चूक मात्र चिकटून बसत होती. ‘नणंदबाईंचा’ हे ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली. आपल्याकडे शिकवणं म्हणजे प्रश्न विचारणं. मी अक्काला म्हटलं, ‘आजपासून तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. बाळ हातात देताना दर वेळी एकच वाक्य बोलायचं. हा तुझा मोहन. बस.’

‘अन् ती विसरली तं?’

‘पुन्हा म्हणायचं. रागावून नाही.’

‘किती वेळा?’

‘अक्का, तुम्ही देवासमोर रोज तोच मंत्र म्हणता ना? मोजता का?’

अक्काने माझ्याकडे तिरकं पाहिलं. पण दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बंद झाले.

दुसरी गोष्ट हातांची. सुमनने छायाला वाढवलं होतं, त्यामुळे अंघोळ घालणं, तेल लावणं, कपड्यात गुंडाळणं, हे सगळं तिच्या हातात जसंच्या तसं होतं. तिला ते काही शिकवायचा प्रश्नच नव्हता. पण छाया अंगावर प्यायली होती. मोहनला बोंडल्याने पाजावं लागायचं. बोंडलं म्हणजे टोकाशी निमुळती होत गेलेली छोटीशी चांदीची किंवा स्टीलची वाटी. ती बाळाच्या ओठाशी धरून, जिभेवर थोडंथोडं सोडत, गिळलं की मग पुढचं, असं पाजायचं. तिरकं जास्त झालं की ठसका. सुमनने बोंडलं कधी हातात धरलं नव्हतं.

मी आधी बाहुलीवर शिकवलं, मग अक्काच्या देखरेखीखाली मोहनवर. रोज सुरुवात एकच. सुमन बोंडलं बघून म्हणायची, ‘हे मले नही जमत वो ताई. मी कधी केलंच नही.’ मी तिच्या हातावर हात ठेवायची, मग अलगद काढून घ्यायची. काही आठवडे गेले आणि एका सकाळी ‘मी कधी केलंच नही’ म्हणता म्हणता तिने बाळाची मान कोपराच्या खळग्यात घेतली, बोंडल्याचं टोक खालच्या ओठावर टेकवलं, थेंब सोडला, थांबली, गिळल्याचा आवाज ऐकला, पुन्हा थेंब सोडला. एकही थेंब गालावर आला नाही. अक्का बघत राहिली. सुमनही आपल्याच हातांकडे बघत राहिली.

‘कसं काय आलं मले हे?’ ती म्हणाली.

‘तू रोज करतेस,’ मी म्हटलं.

‘मी?’

तिला ते खरं वाटलं नाही. ते खरं वाटायला लावलं ते आबांनी.

नरडाण्याचे आबा त्याच सुमारास येत होते. आता त्यांची घसरण बरीच पुढे गेली होती. टोपी दिली तर ती हातात घेऊन बसायचे. पण झालेल्या गोष्टी अजून पक्क्या होत्या. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर एका बाजूला आबा आणि त्यांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला सुमन आणि अक्का, असे नंबर लावून बसले होते. मोहन अक्काजवळ चुळबुळ करत होता. आबा त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘काल हाऊ भलता रडत व्हता.’

सुमन सहज म्हणाली, ‘हो का? दात येत असतीन. हिरड्या शिवशिवतात. वेखंड उगाळून लावलं का वो अक्का?’ लहान बाळाचं सगळं तिला माहीत होतं. फक्त हे बाळ माहीत नव्हतं.

आबा तिला म्हणाले, ‘तू याले मांडीवर लिसनी बठनी, मंग हाऊ उगा ऱ्हायना. त्या... त्या...’ त्यांनी हाताने बोंडल्याचा आकार केला. शब्द गेला होता. ‘त्याघाई दूध पाजं तू.’

‘मी पाजलं?’

‘तूच. अठेच. मी दखं ना.’

सुमनने अक्काकडे पाहिलं. अक्काने मान डोलावली. अक्का, मी, वासुदेव, आम्ही तिला हेच शंभरदा सांगत होतो, की तू मांडीवर घेऊन पाजतेस आणि तो गप्प होतो. पण आम्ही घरचे, दवाखान्याचे. आम्ही तिच्या भल्यासाठी सांगणारे. हा परक्या गावचा, वेगळ्या बोलीचा म्हातारा, त्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. सुमनने हात पुढे केले. पहिल्यांदा तिने स्वतःहून बाळ मागितलं. अक्काने ते देताना नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘हा तुझा मोहन.’

आबांना काही समजलं असेल असं मला वाटत नाही. आपला नंबर आल्यावर ते मुलाचा हात धरून आत आले. काही महिन्यांनी त्यांचं येणं थांबलं. त्यांच्यासाठी मला फार काही करता आलं नाही. त्या आजारात जे जातं ते कोणाला परत आणता येत नाही. शेवटी शेवटी ते मुलाला ‘हाऊ माणूस माले रोज जेवू घालस’ म्हणायचे, असं मुलाने मला सांगितलं. मुलगा कोण ते गेलं होतं, तो जेवू घालतो ते राहिलं होतं. सांगताना मुलगा रडत नव्हता. त्याला तेवढ्याचंही समाधान होतं.

सुमन घरी गेली तेव्हा मी त्यांच्या गावी जाऊन आले. हाही आमच्या कामाचा भाग असतो. दवाखान्याच्या खोलीत जमलेलं घरी जमतंच असं नाही. तिथे चूल दुसऱ्या बाजूला असते. मी गेले तेव्हा वासुदेवचे काका ओसरीवर बसले होते. त्यांनी मला पाणी देववलं आणि मग विचारलं, ‘म्हंजे ताई, ही बाई आता बरी झाली म्हनायचं का?’

मी म्हटलं, ‘नाही. पण तिच्याकडून घर चालेल, जर काम वाटून घेतलं तर. कसं करायचं ते सगळं तिच्या हातात आहे. केव्हा करायचं ते तिला सांगता येणार नाही. झालं की नाही तेही. ते दुसऱ्या कोणीतरी बघायचं.’

‘कोनी?’ काका म्हणाले. हा खरा प्रश्न होता. घरात सगळे उद्योगाचे. केळीचे घड उतरवायचे दिवस आले की वासुदेव पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा.

अक्का आत भाजी निवडत होती. तिने तिथूनच सांगितलं, ‘मी.’

तेवढंच. काकांनी पुढे काही विचारलं नाही. अक्का मग बाहेर येऊन मला म्हणाली, ‘वेळ मी सांगीन. पाजायची, न्हाऊ घालायची, झोपवायची. हात तिचे, डोकं माह्यं. दोघी मिळून एक आई होऊ आम्ही. चालंन ना?’

तिने मला विचारलं होतं, जणू परवानगी मी देणार होते. मी ‘चालेल’ म्हटलं.

त्या घरात काय काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तपासणीला आले की त्यांच्याकडून ऐकलं. सुमनने एकदा भाजीत तिखट दोनदा टाकलं, सगळ्यांनी नाक पुसत खाल्लं. बागेत गेली आणि परतायची वाट विसरली नाही, कारण ती वाट जुनी होती. पण नवीन बांधलेल्या संडासात जायला विसरायची. चिडायची. कधीतरी संध्याकाळी एकदम म्हणायची, ‘माह्यं काहीतरी हरवलं हाये,’ आणि काय ते सांगता यायचं नाही. तेव्हा अक्का तिच्याजवळ नुसती बसायची. अक्का बदलली होती. माझ्याकडे आली की आधी सुमनला खुर्ची द्यायची, मग स्वतः बसायची.

मोहन चालायला लागला असेल, तेव्हाची गोष्ट. ते तपासणीला आले होते. मोहन माझ्या टेबलावरचे मणी ओढत होता. सुमन त्याला म्हणाली, ‘मोहन, ठेव ते.’

मी अक्काकडे पाहिलं. अक्काने सकाळपासून काही सांगितलं नव्हतं. तिने हाताने खूण केली, नाही म्हणून. मी माझाच नियम मोडला आणि सुमनला विचारलं, ‘कोण आहे हा?’

‘माहा पोरगा,’ ती म्हणाली. काय विचारता, अशा सुरात.

‘तो झाला तेव्हाचं काही आठवतं?’

ती थांबली. डोळे मिटले, खरंच शोधलं. मग म्हणाली, ‘नही. हे सांगतात, पाऊस व्हता, गाडी मिळत नव्हती, दाईनंच केलं सगळं. मीपन तसंच सांगते कोनी विचारलं तं. पन मले काही दिसत नही, ताई. छायाच्या वक्ताचं दिसतं. याचं नही.’ आणि मुलाच्या हातातले मणी सोडवत म्हणाली, ‘माहीत हाये. आठवत नही. आता काय करावं?’

तिच्या बोलण्यात दुःख होतं, पण ते पूर्वीचं हादरणं नव्हतं. ते दुःख आता तिच्या ओळखीचं झालं होतं. ती जागा मी भरून देऊ शकले नाही. कोणीच देऊ शकलं नसतं. तरी तिने डोळे मिटून शोधलं, ते मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं. आपण छायाचित्रं, बारसं, वाढदिवस, किती सांभाळून ठेवतो. तिच्याजवळ पहिल्या मुलीचं सगळं होतं आणि दुसऱ्या मुलाचं एक चित्रही नव्हतं. आणि तरी ती दोघांची आई होती, दोघांना सारखीच ओरडत होती.

नव्वदीच्या मध्यावर अक्का गेली. मला वाटलं, आता या घराचं कसं होणार. वासुदेव निरोप द्यायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘पोरं करतात.’

पोरं काय करतात ते कळलं दोन-तीन वर्षांनी. वासुदेव, सुमन आणि मोहन एकदा जळगावात दुसऱ्या कामाला आले होते, तेव्हा आमच्या विभागात डोकावले. सुमनने मला ओळखलं नाही, पण शेजारचं स्टूल ओढून बसली आणि माझ्या ओढणीला लागलेला दोरा काढून टाकला. मोहन आता उंच झाला होता, आवाज फुटायच्या बेतात, ओठावर कोवळी लव. तो आईच्या मागे उभा होता. वासुदेव म्हणाला, ‘हा सांगतो तिले सगळं. आई, मी जेवलो. आई, मी अजून जेवलो नही. छाया सासरी गेली तव्हापासून हाच सांगतो.’

मी मोहनला गमतीने म्हटलं, ‘मग तर तुझी चैन आहे. जेवूनही जेवलो नाही म्हणता येतं.’

तो हसला नाही. ‘तिले कळनार नही ना ताई,’ म्हणाला, ‘म्हनून तं खोटं बोलता येत नही.’

मग वासुदेवनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. शाळेत एका पोराने मोहनला चिडवलं होतं, की तुझ्या आईला तू झालेला आठवत नाही, म्हणजे ती तुझी आई कशी? मोठी मारामारी होईल म्हणून मास्तर धावले. पण मोहनने मारलं नाही. त्याने काय उत्तर दिलं ते मास्तरांनी वासुदेवला घरी येऊन सांगितलं होतं.

‘काय म्हणालास रे?’ मी विचारलं.

मोहन लाजला. आईच्या खांद्यावरचा पदर उगीच सारखा करत म्हणाला, ‘काही नही. मी म्हटलं, मी झालो ते मलेही कुठी आठवतं?’

सुमन खळखळून हसली. ‘हो ना वो,’ ती मला म्हणाली, ‘आमा दोघांनाही नही आठवत.’